दाबा, धरा, सोडा

परवा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी चहाचा कप उचलला आणि शेजारच्या सहकाऱ्यांची नजर माझ्या नखांवर खिळली. नखांच्या कडा काळ्या झाल्या होत्या आणि अंगठ्यावर एक लांबलचक ओरखडा होता.

"सर, छापखान्याचं काही काम काढलंत की काय?" त्यांनी विचारले. मराठीच्या प्राध्यापकाचा हात काळा झाला तर तो शाईनेच, असा त्यांचा भाबडा समज.

मी म्हटले, "नाही, क्लचची लाइन बनवत होतो."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मग, तापातून नुकत्याच उठलेल्या माणसाशी आपण जसे जपून बोलतो तसे जपून, पावसाचा विषय काढला.

त्यांचा काही दोष नाही. वर्षभरापूर्वी मला कोणी हे सांगितले असते, तर मीही पावसाकडेच वळलो असतो. गाडी मी वीस वर्षे चालवतो आहे; पण पायाखालच्या त्या दांडीच्या पलीकडे काय घडते, हे पाहण्याची इच्छा मला कधी झाली नाही. बटण दाबले की दिवा लागतो, क्लच दाबला की गिअर पडतो. मधल्या भानगडीत आपण पडू नये, असे माझे साधे तत्त्वज्ञान होते. ते मोडले कसे, त्याची ही हकीकत.

हिचे मूळ आमच्या अंगणातल्या जिपेत आहे. माझे वडील पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर होते. निवृत्तीनंतर त्यांनी सरकारी लिलावात ही १९६८ सालची जीप घेतली. १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने निघालेली आणि १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झालेली कंपनी ह्या विलिस जातीच्या जिपा आपल्याकडे तयार करू लागली. धरणाच्या कामावर, जंगलात, माळावर, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे साहेबांना नेणारी ती गाडी. वडिलांनी नोकरीभर तिच्यात मागच्या बाकावर बसून प्रवास केला होता. निवृत्त झाल्यावर त्यांना पुढे बसायचे होते, एवढेच.

त्या जिपेला तीन गिअर. त्यातला पहिला असा हट्टी, की गाडी पुरती थांबल्याखेरीज मुकाट्याने पडायचा म्हणून नाही. आणि क्लच असा जड, की माझ्या आईने एकदा हौसेने दाबून पाहिला आणि "ह्यापेक्षा जातं बरं" म्हणून खाली उतरली. पुढे गिअरबॉक्समधले दाते तुटले आणि जीप जागच्या जागी बसली. २०११ साली वडील गेले. जिपेवर ताडपत्री आली, ताडपत्रीवर शेजारच्या बदामाची पाने आली, आणि आतल्या बाकावर गल्लीतल्या एका मांजरीची ओळीने चार बाळंतपणे झाली.

गेल्या वर्षी मी ती भंगारात द्यायचे ठरवले. भाव ठरला, ट्रॉली यायचा वारही ठरला. तेव्हा सौभाग्यवती स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तो म्हणतोय, सहा महिने द्या. नाही चालली तर मीच भंगारवाल्याला बोलावीन."

'तो' म्हणजे आमचे चिरंजीव. चिरंजीव त्या वेळी दहा हातांवर, शेजारच्याच खोलीत होते. पण त्यांना माझ्याशी काही बोलायचे असले तर ते आईमार्फत, आणि मला त्यांच्याशी बोलायचे असले तर तेही आईमार्फत, अशी टपालाची व्यवस्था आमच्या घरात दीड वर्ष चालू होती.

ती सुरू होण्याचे कारण सांगायला मला आज लाज वाटते. पण सांगितल्याशिवाय पुढचे काही कळायचे नाही. बारावीला चांगले गुण मिळूनही त्याने कॉलेजचा अर्ज भरला नाही आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. मी रागावलो नाही. रागावलो असतो तर बरे झाले असते. त्याऐवजी, घरी आलेल्या पाहुण्यांसमोर मी हसत हसत एक वाक्य टाकले : "आमच्या घरात आजवर पुस्तकं मोजत होतो, आता नट मोजायचे दिवस आलेत."

पाहुणे हसले. वाक्य चांगले जमले होते. वीस वर्षे वर्गात बोलल्यावर वाक्ये जमतातच. चिरंजीवांनी हातातला चहाचा ट्रे टेबलावर ठेवला, प्रत्येकाच्या हातात नीट कप दिला, माझ्याही दिला, आणि आत गेले. त्या दिवसापासून "आईला सांग" सुरू झाले.

तर मी सहा महिने दिले. भंगारबाजारातून दुसऱ्या एका जुन्या गाडीचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स आला. इंजिन तेच ठेवायचे आणि त्याच्या पाठीला हा नवा, निदान आमच्यापुरता नवा, गिअरबॉक्स जोडायचा, असा बेत. नोंदणीपुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते, म्हणून इंजिनाला हात लावायचा नाही, एवढी चौकशी त्याने आधीच करून ठेवली होती. हेही मला टपालानेच कळले. इथल्या शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर मधली जोडप्लेट कातून झाली. गिअरबॉक्स जागेवर बसला. आणि मग काम अडले ते क्लचपाशी.

क्लच म्हणजे काय, हे माझ्यासारख्यांसाठी सांगतो. इंजिन सारखे फिरत असते. चाकांना मात्र कधी पळायचे असते, कधी थांबायचे असते. दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरलेला असतो. गिअर बदलायचा तर तो हात क्षणभर सोडवावा लागतो. तो सोडवतो गिअरबॉक्समधून बाहेर डोकावणारा एक लोखंडी काटा, आणि त्या काट्याला ढकलतो आपला डावा पाय. जुन्या जिपेत पाय आणि काटा यांच्यामध्ये लोखंडी दांड्यांची जोडसाखळी होती. नव्या गिअरबॉक्सचा काटा निघाला नेमका उलट्या बाजूला. दांडीला इंजिनाला वळसा घालून जा म्हणून सांगता येत नाही. तिथे वळणारेच काहीतरी हवे. म्हणजे द्रव हवा.

एका रात्री जेवताना तो हे आईला समजावत होता. माझे सगळे लक्ष आमटीत आहे असे दाखवीत मी ऐकत होतो. औषधाच्या दुकानातून त्याने सुईवाचून दोन सिरिंजा आणल्या होत्या. एक लहान, एक मोठी. मध्ये सलाइनची नळी आणि आत हळद घातलेले पाणी. त्याने लहान सिरिंज अंगठ्याने दाबली. मोठीचा दट्ट्या सावकाश पण अशा नेटाने वर आला, की सौभाग्यवतींनी बोटाने दाबून धरला तरी थांबेना.

"बघ, लहान पुष्कळ सरकते, पण जोर थोडा लागतो. मोठी थोडीच सरकते, पण जोरानं. बंद पाण्यावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. पास्कलचा नियम."

पास्कल मला ठाऊक होता तो चिंतनशील गद्याचा लेखक म्हणून. त्याचा द्रवांच्या समतोलावरचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला आणि त्याच तत्त्वावर १७९५ मध्ये इंग्लंडात जोसेफ ब्रामाने दाबयंत्राचे पेटंट घेतले, हे मी त्या रात्री, सगळे झोपल्यावर, चोरून वाचले. मुलाचा अभ्यास बापाने चोरून करावा, अशी वेळ माझ्यावर आली होती.

वाचता वाचता टेबलावर त्याची वही सापडली. तीही चोरूनच पाहिली. पहिल्या पानावर लिहिले होते : 'वरचा सिलिंडर पाच सूत, खालचा सहा सूत. पाचाचा वर्ग २५, सहाचा ३६. वर ३० मिलिमीटर सरकलं तर खाली साधारण २१.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. उद्यमनगरातले जुने लोक अजून त्यातच बोलतात. पुस्तकात ह्या दोन सिलिंडरांना 'मालक' आणि 'गुलाम' अशा अर्थाची इंग्रजी नावे आहेत. त्याने सरळ 'वरचा' आणि 'खालचा' केले होते. पारिभाषिक शब्दांवर मी परिसंवादांतून भांडलो आहे. पण इतके साधे शब्द मला सुचले असते असे वाटत नाही.

ह्या कामात त्याला मदत करणारा मित्र पावसाळ्याच्या तोंडावर चाकणला नोकरी लागून गेला. एका रविवारी मी गॅलरीतून पाहिले, तर चिरंजीव जिपेखाली आडवे, तोंडात बॅटरी धरलेली आणि दोन्ही हात वर. मी खाली गेलो, काही न बोलता ती बॅटरी त्याच्या तोंडातून काढून घेतली आणि धरून उभा राहिलो. तोही काही बोलला नाही. फक्त थोड्या वेळाने त्याने बोटाने 'जरा डावीकडे' अशी खूण केली. माझी नेमणूक झाली.

आधी गॅल्व्हनाइज्ड तार वाकवून नळीचा मार्ग ठरवायचा. वरच्या सिलिंडरपासून इंजिनाच्या मागून वळसा घालून खालच्यापर्यंत. सायलेन्सरच्या पाइपापासून लांब; कारण आतले ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ओले झाले की लवकर उकळते. डॉट ४ जातीचे ऑइल कोरडे असताना किमान २३० अंशांपर्यंत दम धरते, पाणी मुरल्यावर त्याची हमी १५५ वर येते. त्या तारेबरहुकूम मग पोलादी नळी वाकवायची. नळी दीड सुताची, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरची. तांब्याची सोपी पडेल, असे मी टपालाने सुचवले होते. टपालाने उत्तर आले, की तांबे सततच्या थरथरीने कडक होते आणि एक दिवस तडकते.

नळी करवतीने कापायची नाही, कटरने गोल फिरवून कापायची. तोंडाच्या आतली-बाहेरची धार कानसून काढायची. मग चिमट्याच्या पट्टीत आवळून तिचे तोंड आधी फुगवायचे आणि नंतर ते फुगलेले तोंड आत दुमडायचे. असे दुहेरी दुमडलेले तोंड नटाच्या दाबाखाली बैठकीवर चपखल बसते आणि थेंबभरही गळत नाही. त्याने दोन करून दाखवली. तिसऱ्या वेळी हत्यार माझ्यापुढे सरकवले.

खरे सांगतो, पहिली कविता छापून आली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. काय ते तोंड जमले होते! गोल, गुळगुळीत, कुठे चीर नाही. मी नळी त्याच्यापुढे धरली. त्याने ती उजेडात फिरवून पाहिली, मान डोलावली, आणि मग टेबलाकडे पाहून म्हणाला,

"बाबा, नट."

नट टेबलावर होता. तो नळीत आधी ओवायचा असतो. दोन्ही टोके फुलवल्यावर तो कुठल्याच बाजूने जात नाही. सदऱ्याची बटणे लावून झाल्यावर आत बनियन राहिला हे आठवावे, तसे झाले.

दीड वर्षांत तो माझ्याशी थेट बोलला ते हे दोन शब्द. आणि त्यातला दुसरा शब्द कोणता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आले असावे. कारण तो खाली वाकून दुसरी नळी मोजू लागला आणि मी चष्मा पुसू लागलो. नट मोजायचे असतात, हे मला त्या दिवशी कळले.

पुढचा धडा उद्यमनगरात. आमचा वरचा सिलिंडर जुन्या इंची मापाचा आणि खालचा मिलिमीटरच्या मापाचा. मी आपला वरच्याचा नट खालच्याच्या भोकात घालून पाहिला, तर तो सुखासुखी आत गेला. बोटांनी फिरवला, आणखी गेला. मी म्हटले, चला, जमले. पाना लावून आवळला, तर सुरुवातीला घट्ट झाल्यासारखा वाटला आणि मग एकदम मऊ पडला.

लेथवरच्या मिस्त्रींनी तो काढून हातावर घेतला. "सर, हा तीन सूत आणि हे भोक दहाचं. दिसायला भाऊ-भाऊ, पण गोत्र वेगळं. आटे खाल्लेत की हो तुम्ही!"

हिशेब असा. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या किंचित वर. त्यावर इंचाला २४ आटे, म्हणजे दोन आट्यांमध्ये १.०५८ मिलिमीटरचे अंतर. दहाच्या भोकात तेच अंतर नेमके १ मिलिमीटर. फरक इतका सूक्ष्म, की नट आत शिरतो, खोटा दिलासा देतो आणि जोर पडला की दोघांचेही आटे मारतो.

मला एकदम वर्ग आठवला. उत्तरेकडचा एखादा विद्यार्थी निबंधात लिहितो, की 'आई-वडिलांनी मला चांगली शिक्षा दिली'. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. परका शब्द अडखळायला लावतो, म्हणून आपण सावध असतो. फसवतो तो ओळखीच्या चेहऱ्याचा. मी हे मिस्त्रींना सांगितले. ते म्हणाले, "सर, शिक्षण आणि शिक्षा आमच्यात तरी एकाच वेळी मिळालं." आणि त्यांनी एका टोकाला तीन सुती, दुसऱ्या टोकाला दहाचा असे आटे असलेला एक लहानसा पितळी दुभाषा आमच्यासाठी कातून दिला. खालचा सिलिंडर मात्र माझ्या पराक्रमामुळे नवा घ्यावा लागला. त्याचे पैसे मी दिले.

शेवटची वीतभर नळी रबराची लागते. कारण इंजिन रबरी पायांवर थरथरत असते आणि चासी जागची हलत नाही. दोघांना ताठ नळीने बांधले तर नळी तुटणार. दुकानदार साधी हायड्रॉलिक ऑइलची होज स्वस्तात द्यायला तयार होता. चिरंजीवांनी मान हलवली. तिचे आतले रबर वेगळे असते, ब्रेक ऑइलने ते फुगते. ब्रेकचीच हवी. पंचवीस वर्षे दुकान चालवणाऱ्या माणसाला तो हे इतक्या अदबीने सांगत होता, की मी बाजूला उभा राहून ऐकत राहिलो. माझ्या वर्गात मी विद्यार्थ्यांच्या चुका इतक्या अदबीने सांगितल्या आहेत का, हे आठवून पाहिले. फारसे आठवले नाही.

आता माझी खरी चूक. तारेच्या नमुन्यात नळी वरून खाली तिरपी उतरत होती. दिसायला अगदीच गबाळी. मी म्हटले, इथे तिला जरा वर घेऊन, कमान करून, मग खाली उतरवली तर डौलदार दिसेल. तो म्हणाला, "नको वाटतंय." मी म्हटले, "रचनेला काही सौंदर्य नको का?" प्राध्यापकाने सौंदर्य हा शब्द काढला की समोरचा गप्प बसतो. तोही बसला. कमान मी स्वतः वाकवली, आणि खरोखरच देखणी झाली.

नळी भरली की आतली हवा काढावी लागते. ह्या कामाला दोन माणसे लागतात. एक वर बसून पेडल दाबतो. दुसरा खाली आडवा पडून खालच्या सिलिंडरच्या डोक्यावरची लहानशी चावी खोलतो. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा. सगळा व्यवहार हाकेवर.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय."

चावी खोलली की फसफसत ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात आणि पाय फळीला टेकतो. तिथेच धरून ठेवायचा. चावी बंद होण्याआधी पाय उचलला, तर नळी बाहेरची हवा उलट आत ओढून घेते.

"सोडा."

एक तास झाला, दीड तास झाला. दोन बाटल्या ऑइल संपले. एक थेंब मडगार्डवर पडला तर तिथला रंग पोपडा होऊन निघाला. ते पाण्याने लगेच धुवावे लागते. आणि पेडल मात्र उशीवर पाय ठेवावा तसे मऊच्या मऊ. द्रव दबत नाही म्हणून तो निरोप पोचवतो. हवा मात्र दबते. आत हवा असली की पाय दाबल्याचे पुरेपूर समाधान मिळते, पण खालचा काटा जागचा हलत नाही. मला माझी काही व्याख्याने आठवली.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलंय."

ह्या वेळी चावी खोलल्याचा आवाज आला, पण 'सोडा' आले नाही. खालून, लोखंडाच्या पलीकडून, त्याचा आवाज आला.

"बाबा, त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात ना, नट मोजायचे दिवस."

मी गप्प. उठून जाता आले असते, तर कदाचित गेलो असतो. पण पाय उचलायचा नव्हता.

"मला मेकॅनिक म्हणालात, त्याचं काही नाही. तो मी होणारच होतो. पण तुम्ही हसत होतात."

माझी पोटरी थरथरू लागली होती. चेहरा दिसत नसला की माणूस खरे बोलतो, आणि ऐकणाऱ्यालाही खरे ऐकावे लागते. बऱ्याच वेळाने चावी आवळल्याचा आवाज आला.

"सोडा."

मी सोडले. मग त्याच्या हाकेची वाट न पाहता मीच विचारले, "हवा कुठे अडकलीय, तुला ठाऊक आहे ना?"

खालून उत्तर नाही.

"कमानीत?"

"हं. हवा वर चढते. जिथं उंचवटा, तिथं जाऊन बसते. आपण खाली काढतोय ते तिच्या पुढचं ऑइल."

"मग पहिल्या अर्ध्या तासातच बोलला का नाहीस?"

"तुमची होती म्हणून."

मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि जिपेशेजारी फरशीवर बसलो. आता त्याचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांना मी म्हटले, "काप ती कमान. आणि ते वाक्यही माझंच होतं. तेही चांगलं दिसावं म्हणूनच केलं होतं. चुकलं माझं."

पाय हलले नाहीत. मग खालून एक तेलकट हात बाहेर आला. मला वाटले, हात धरायचा आहे. तेवढ्यात आवाज आला, "अकरा नंबरचा पाना द्या."

मी पाना दिला.

दुसऱ्या दिवशी नवी नळी बनवली. नट आधी ओवला. वरपासून खालपर्यंत सारखा उतार, कुठेही उंचवटा नाही. दिसायला अगदी सामान्य. ह्या वेळी जागा बदलल्या. तो वर बसला, मी खाली आडवा पडलो, अंगठा सोलवटून घेतला आणि नखे काळी केली. "दाब," मी म्हटले. "दाबलं." "धर." बुडबुडे आले, मग बारीक बुडबुडे आले, मग नुसते स्वच्छ पिवळसर ऑइल. "सोड." सातव्या खेपेला त्याने वरून ओरडून सांगितले, "बाबा, लागलं!" मी उठून वर गेलो आणि हाताने पेडल दाबून पाहिले. मऊपणा गेला होता. थोडा हलका विरोध, मग ठाम उत्तर. माझ्या आईला हा क्लच सहज दाबता आला असता.

गेल्या रविवारी आम्ही पन्हाळ्याला गेलो. चढणीवर तो दोन बोटांनी गिअर बदलत होता. मागच्या बाकावर, वडिलांच्या नोकरीतल्या जागेवर, मी बसलो होतो. पुढे त्याची आई. परतताना त्याने चाक माझ्या हाती दिले. पहिल्याच वळणावर गाडी गचका खाऊन बंद पडली.

"बाबा, एकदम नाही सोडायचा. सावकाश. तो स्वतःहून पकडतो, मग सोडायचा."

सौभाग्यवती म्हणाल्या, "चला, माझी पोस्टमनची नोकरी सुटली एकदाची."

दिवाळीनंतर तोही चाकणला जाणार आहे. शिकाऊ उमेदवार म्हणून बोलावणे आले आहे. मला हे त्याने स्वतः येऊन सांगितले.

नखांतला काळेपणा अजून पुरता गेलेला नाही. ब्रशने घासला तर निघेल, असे सहकारी म्हणतात. पण नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आता चार दिवसांवर आले आहे. तोवर राहू दे.